वसूचं रॉकेट आणि आमचा कुलूपबंद टीव्ही

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण वाचताना डोक्यातला तपासनीस झोपत नाही. आवाज आला म्हणतात... खिडकी उघडी होती का? सावली दिसली म्हणतात... दिवा कुठल्या बाजूला होता? बायको म्हणते, इतक्या शंका काढायच्या तर वाचता कशाला? आता सवयच तशी आहे. माझी सगळी नोकरी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. मशीनवरून उतरलेला तुकडा गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. 'थोडासा बसला' असा प्रकार आमच्याकडे नसतो. भूत, भानामती, करणी यातलं काहीच माझ्या गेजमध्ये कधी बसलं नाही, आणि आजही बसत नाही.

म्हणून आधीच सांगतो – पुढे जे लिहिलं आहे त्यात भूत नाही. भीतीही फारशी नाही. खरं तर त्या दिवसाची आठवण आमच्या घरात अजून हसतखेळतच निघते. फक्त ती बसत नाही, कशातच बसत नाही, एवढीच अडचण आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथ पूर्वेला कानसई भागात राहत होतो. तीन मजली इमारत, आमचं घर पहिल्या मजल्यावर. पुढची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर एका ओळीत, दारं समोरासमोर. पुढच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलल्यावर ऊन आत यायचं, तोवर खोलीत सावली असायची. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे उजेडाचा प्रश्न येणार आहे. घरात मी, बायको शैला, माझी आई आणि आमची मुलगी मनू. मनू त्या वर्षी दहावीला होती.

पाचवं माणूस म्हणजे माझी धाकटी बहीण वसुधा. आमची वसू. ती अमेरिकेत शिकत होती, आणि ही हकिगत खरं म्हणजे तिचीच आहे.

वसू माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. ती शाळेत असतानाच वडील गेले, त्यामुळे तिच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही माझी असायची. भौतिकशास्त्रात तिला पहिल्यापासून गती. एम.एस्सी. झाल्यावर तिकडच्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती पीएच.डी.ला गेली. काय करतेस म्हणून आम्ही पत्रातून विचारायचो, ती काहीतरी लिहायची, आम्हाला काही कळायचं नाही. मग एकदा सुट्टीत आली तेव्हा तिने आमच्या टीव्हीसमोर बसून समजावून सांगितलं.

"दादा, या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला मागे एक मान असते. तिच्यात गन असते, इलेक्ट्रॉनची. ती पुढच्या काचेवर मारा करते, म्हणून आपल्याला चित्र दिसतं. आम्ही तसलीच गन रॉकेटवर बसवतो आणि वर आकाशात नेऊन झाडतो."

"कोणावर?" आईने विचारलं.

"कोणावर नाही गं. नुसती झाडायची आणि काय होतं ते बघायचं."

"म्हणजे दिवाळीच की."

पुढचा भाग मात्र मला लगेच पटला. गनमधून इलेक्ट्रॉन बाहेर जात राहिले की रॉकेटच्या अंगावर उलटा चार्ज साठत जातो. किती साठला ते त्याच रॉकेटवर बसून मोजता येत नाही. मोजायला बाहेरचा, लांबचा आधार लागतो. मोजमापाच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून ही मंडळी काय करतात, तर वर गेल्यावर रॉकेटच्या टोकाचे दोन तुकडे करतात. एकावर गन, दुसऱ्यावर मोजायची यंत्रं. दोघांच्या मध्ये बारीक, वरून प्लॅस्टिक चढवलेली तार. दुसरा तुकडा गॅसच्या झोताने हळूहळू लांब सरकत जातो आणि रिळावरची तार सुटत जाते, चांगली काहीशे मीटर. हे सगळं काही मिनिटांत उरकायचं, कारण नंतर दोघंही खाली यायला लागतात. वसूकडे काम होतं त्या रिळाचं.

"पहिल्या तुकड्याला आम्ही मदर म्हणतो, दुसऱ्याला डॉटर," वसू म्हणाली.

"आणि गन कोणाकडे?" आईने विचारलं.

"मदरकडे."

"बरोबर आहे," स्वयंपाकघरातून शैलाचा आवाज आला. आई धरून सगळे हसलो.

पण त्या भेटीत हसण्यासारखं तेवढंच होतं. दोन रॉकेटं उडवून झाली होती आणि दोन्ही वेळा तार मध्येच अडकली होती. पहिल्यांदा जेमतेम सुटली आणि थांबली. दुसऱ्यांदा जरा पुढे गेली, पण थांबलीच. तिसरं रॉकेट पुढच्या हिवाळ्यात होतं, आणि तिच्या प्रोफेसरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे शेवटचं. तार निघाली नाही तर आकडे नाहीत, आकडे नाहीत तर प्रबंध नाही, आणि शिष्यवृत्तीही तिथेच संपणार.

इकडे बदलापूरला माझी मावशी एक स्थळ धरून बसली होती. मुलगा बँकेत, गावात स्वतःचं घर, मागे चिकूची झाडं. मावशी दर भेटीत त्या चिकूंचं इतकं वर्णन करायची की मनू विचारायची, "आत्याचं लग्न कोणाशी लावताय नक्की?" मुलगा खरोखर चांगला होता. मी स्वतः जाऊन बोलून आलो होतो.

निघायच्या आदल्या दिवशी वसू आईजवळ बसली आणि म्हणाली, "आई, हे तिसरं जमलं नाही तर मी परत येते आणि तुम्ही म्हणाल तिथे लग्न करते. तोंड वाकडं करणार नाही. पण जमलं तर मला तिकडेच काम करू दे. मग बोलवू नकोस."

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि "बरं" म्हणाली. माझ्या आईचं 'बरं' फसवं असतं, हे मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आता टीव्हीबद्दल. त्या काळात घरात कोणी दहावीला असलं की टीव्ही बंद, हा आमच्या सगळ्या इमारतीचा अलिखित नियम होता. कोणी अँटेनाची वायर काढून ठेवायचं, कोणी टीव्हीच नातेवाइकांकडे नेऊन टाकायचं. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, चार पायांचा, लाकडी पेटीतला, पुढे दोन बाजूंनी सरकणारं शटर आणि त्याला कुलूप. मी दिवाळीनंतर शटर ओढून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या जुडग्यात घातली. तेवढ्याने माझं समाधान होईना. कुलपाला दुसरी किल्ली निघू शकते. म्हणून टीव्हीच्या वायरीचा प्लगच स्क्रू काढून सुटा केला आणि कारखान्यातल्या माझ्या टेबलाच्या खणात नेऊन ठेवला. गच्चीवरच्या अँटेनाची पट्टीही मागून सोडवून, गुंडाळून कपाटावर टाकली.

शैला म्हणाली, "पोरगी दहावीला बसलीय, तुरुंगात नाही."

"बाबा, भिंतीचं सॉकेटपण काढून न्या ना," मनू म्हणाली. "मी तारेने जोडलं तर?"

तेही मी मनात धरलं होतं, पण बोललो नाही. मुद्दा इतकाच, की दिवाळीनंतर त्या टीव्हीत वीज गेलेली नव्हती. याबद्दल मी कुठेही सही करून द्यायला तयार आहे.

जानेवारी संपता संपता वसूचं पत्र आलं. ती तिकडे पार उत्तरेच्या टोकाला, रॉकेटच्या तळावर जाऊन राहिली होती. बाहेर बर्फ, रात्री आकाशात हिरवे पडदे हलतात म्हणे. रॉकेट तयार उभं आहे. रोज रात्री सगळे जय्यत तयारीत बसतात, आणि रोज वारा नाहीतर आकाश नीट नाही म्हणून रद्द होतं. कधी उडेल सांगता येत नाही, असं तिने लिहिलं होतं.

ते पत्र वाचल्यावर दुसऱ्या दिवशी आईने देव पाण्यात ठेवले.

म्हणजे देवघरातला पितळी बाळकृष्ण पातेल्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवला. मनासारखं काम होईपर्यंत देवाने पाण्यातच राहायचं, ही जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे. मला असल्या गोष्टींचा कंटाळा. मी म्हटलं, "आई, रॉकेट तिकडे बर्फात उभं आहे, हा इकडे पाण्यात. दोघांनाही सर्दी होणार."

"तू तुझं बघ," आई म्हणाली.

शैलाला मात्र बरं वाटलं. "वन्संच्या तारेसाठी ठेवलाय ना?" तिने विचारलं.

"कशासाठी ठेवला ते बोलायचं नसतं," आई म्हणाली, आणि रोज सकाळी पातेल्यातलं पाणी बदलत राहिली.

फेब्रुवारीतला रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती. मी पुढच्या खोलीत चटईवर पेपर घेऊन पडलो होतो. आई दिवाणावर बसून मटार सोलत होती, शैला आत ओटा आवरत होती, मनू मधल्या खोलीत भूमिती. दीड वाजून गेला असेल. रेडिओवरचं दुपारचं संगीत नुकतंच संपलं होतं आणि मी तो बंद केला होता.

"अरुण," आई म्हणाली, "टीव्ही कोणी लावला?"

"कोणी नाही."

"आत उजेड आहे."

मी मान वळवली. शटरच्या दोन फळ्या जिथे मिळतात तिथे बारीक फट होती, आणि त्या फटीत खरोखरच निळसर उजेड होता. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते प्रामाणिकपणे सांगतो – मनूने कुठून तरी प्लग मिळवला. मी हाक मारली. ती पेन्सिल घेऊन बाहेर आली.

"हे काय?"

"काय काय?"

"टीव्ही चालू आहे."

"बाबा, प्लग तुमच्या ऑफिसात आहे," ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला माझीच लाज वाटली. मी उठून वायर बघितली. प्लग नसलेलं टोक, उघडी दोन तांब्याची तोंडं, जमिनीवर पडलेलं होतं. सॉकेटपासून चांगलं हातभर लांब. अँटेनाची पट्टी कपाटावर, धूळ बसलेली. मग जुडग्यातून किल्ली काढून कुलूप उघडलं आणि शटर सरकवलं.

पडद्याच्या उजव्या बाजूला, मधोमध उंचीवर, एक ठिपका होता. मोहरीएवढा. पांढरा, जरा निळसर. टीव्ही बंद केल्यावर पूर्वी मध्यभागी ठिपका उरायचा आणि विझायचा, तसा; पण हा मध्यभागी नव्हता आणि विझत नव्हता.

शैला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. खरं सांगायचं तर कोणी घाबरलं नाही. भर दुपार, मटारचा वास, खालच्या रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी... अशात माणूस घाबरत नाही, नुसता बघत राहतो.

मग त्या ठिपक्याचे दोन झाले. म्हणजे त्यातून एक लहान ठिपका सुटा झाला आणि डावीकडे सरकायला लागला. फार सावकाश, गोगलगाय चालते तसा. आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी उजेडाची रेघ होती. ती लांब होत चालली होती.

मनूच पहिली बोलली. "आत्याचं रॉकेट," ती म्हणाली.

"गप," मी म्हणालो.

"बाबा, बघा ना. मदर, डॉटर. मध्ये तार."

मी पुन्हा "गप" म्हणालो.

लहान ठिपका पडद्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत आला असेल. तिथे तो थांबला. जरासा मागे आल्यासारखा हलला, पुन्हा थांबला. आम्ही वाट बघितली. तो हलेना. रेघ तेवढीच.

"अडकली," मनू हळूच म्हणाली. "या वेळीपण अडकली."

हे सगळं मी तेव्हा खरं मानत होतो का? नाही. पण तो ठिपका काहीही असो, मला तो पुढे जायला हवा होता. वसू इतकी वर्षं ज्यासाठी घरदार सोडून राहिली ते त्या काचेवर अडून बसलं आहे, असंच मला त्या वेळी वाटलं. तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला – बदलापूरच्या घरात, चिकूच्या झाडांखाली, तोंड वाकडं न करता हसणारा.

आईने मटारांचं ताट बाजूला ठेवलं.

"माझ्यामुळे आहे ते," ती म्हणाली.

"काय तुझ्यामुळे?"

"देव मी तिच्या तारेसाठी नाही ठेवला."

शैला म्हणाली, "मग?"

"ती परत यावी म्हणून ठेवला." आई पडद्याकडेच बघत होती. "तार निघाली नाही तर येते म्हणाली ना. मग मी तेच मागितलं. पोर बदलापूरला असली तर निदान आजारी पडली तर कळेल. तिकडे बर्फात कोण आहे तिचं?"

कोणी रागावलं नाही. शैला एवढंच म्हणाली, "आई, तिने किती खस्ता काढल्यात."

"माहीत आहे गं मला. देव सोडवायला कोणी सांगायला नको."

ती उठली. गुडघे धरून, दिवाणाला टेकत उठली, आणि शैलाच्या बाजूने स्वयंपाकघरात गेली. आतून पातेल्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला.

आणि ठिपका निघाला.

इथे मला फार जपून लिहायचं आहे. आधी देव पाण्यातून बाहेर आला की आधी ठिपका हलला? मी जिथे होतो तिथून पडदा दिसत होता, स्वयंपाकघर दिसत नव्हतं. शैला दारात होती, तिला आतलं देवघर दिसत होतं. ती म्हणते, आईच्या हातात बाळकृष्ण होता आणि हातावरून पाणी ओघळत होतं, तेव्हा मनू "निघाली" म्हणाली. मनू म्हणते, तिने पाण्याचा आवाज आधी ऐकला. मी स्वतः या क्रमाबद्दल खात्री देऊ शकत नाही. दोन्ही गोष्टी अगदी लागून झाल्या, एवढंच मी सांगू शकतो.

आई बाहेर आली तेव्हा बाळकृष्ण तिच्या पदरात होता आणि ती त्याला पुसत होती. लहान ठिपका सरकत सरकत पार डाव्या कडेला पोचला होता. मग मोठा ठिपका लुकलुकायला लागला. थांबून थांबून, नियमित. प्रत्येक वेळी सगळी काच किंचित उजळायची, पहाटेच्या आकाशासारखी. माझा हात काचेजवळ होता, हातावरचे केस उभे राहिले. हे मात्र टीव्ही चालू असताना नेहमीच होतं, त्यात मी वेगळं काही मानत नाही. फक्त टीव्ही चालू नव्हता.

"केवढी लांब गेली, नाही गं?" आई शैलाला म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. मला वाटतं ती जरा कौतुकानेच बघत होती.

थोड्या वेळाने दोन्ही ठिपके एकदम गेले. काच राखाडी झाली, तिच्यात आम्ही चौघं दिसायला लागलो. मी शटर ओढलं, कुलूप लावलं. मनू म्हणाली, "हे भूमितीच्या वेळात धरायचं का?" आणि आम्ही सगळे उगाचच खूप हसलो.

दोन दिवसांनी संध्याकाळी तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यातून हाक मारली. इमारतीत फोन त्यांच्याकडेच होता. "अमेरिकेचा फोन आहे, लवकर या." आम्ही चौघंही धावलो. दवाखान्यात बसलेले दोन पेशंट आमच्याकडे बघत राहिले.

"दादा, झालं," वसू म्हणाली. लाइनमध्ये खरखर होती, आपलाच आवाज परत यायचा. "तार पूर्ण निघाली. गन चालली. सगळे आकडे आलेत."

मी ठरवून ठेवलं होतं ते विचारलं. "मध्ये थांबली होती का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"थांबली होती का ते सांग."

"थांबली होती. चौथा भाग सुटली असेल आणि थांबली. प्रोफेसरांनी हेडफोन काढून ठेवला. मला वाटलं आता संपलं, आता बॅग भरायची. मग आपोआप सुटली. का सुटली ते आम्हालाच माहीत नाही अजून. पण तुला—"

"कधी उडवलं?"

"शनिवारी रात्री. झोपायची वेळ झाली होती इथली."

शनिवारची तिथली रात्र म्हणजे आमची रविवारची दुपार. हा हिशेब मी नंतर अॅटलास समोर घेऊन, वेगवेगळ्या बाजूंनी करून बघितला. चुकत नाही.

आईने फोन घेतला. "जेवलीस का?" तिने विचारलं. ऐकलं. "नाही, नाही बोलवत," ती म्हणाली. मग म्हणाली, "मावशीचं मी बघते. तू गरम कपडे घालत जा." आणि फोन माझ्याकडे दिला.

मावशी पंधरा-वीस दिवस फुगून होती. त्या मुलाचं पुढे कल्याणच्या मुलीशी लग्न झालं, आम्हाला बोलावणं होतं, आणि आम्ही सगळे जाऊन चिकूही खाऊन आलो. मनूला दहावीला चांगले मार्क मिळाले. त्याचा इथे संबंध नाही, पण तिने हे लिहायला सांगितलं आहे.

परीक्षा संपल्यावर मी प्लग जोडला. टीव्ही पूर्वीसारखा चालला. तरी उल्हासनगर कॅम्प पाचमधून हिराभाईंना बोलावून आणलं. टीव्ही त्यांच्याच दुकानातून घेतलेला. त्यांनी मागचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि सगळं ऐकून घेतलं.

"साईं, ट्यूब में चार्ज रह जाता है. बंद करने के बाद भी डॉट आता है."

"कितना टाइम?"

"मिनट, दो मिनट."

"दिवाळीपासून बंद होता."

हिराभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे बघितलं. "तो फिर कलर ले लो," ते म्हणाले. "नया माल आया है."

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं की जवळपासच्या कुठल्या तरी मोठ्या मशीनचा परिणाम असेल. रविवार होता, वसाहत बंद होती. दुसऱ्याने सुचवलं की शटरच्या फटीतून बाहेरच्या वस्तूचं प्रतिबिंब पडलं असेल. मी पुढच्या रविवारी त्याच वेळी शटर उघडून बसलो. खोलीत सावली होती, काचेवर काही नव्हतं. तिसऱ्याने सुचवलं की मी थोडे दिवस रजा घ्यावी.

वसू पुढच्या हिवाळ्यात आली, पीएच.डी. होऊन. आम्ही तिला सगळं सांगितलं... म्हणजे ठिपक्याचं सगळं. तिने हसण्यावारी नेलं नाही. कागद घेऊन बसली, प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारलं, मनूकडून पडद्याचं चित्र काढून घेतलं. तिच्यात आणि माझ्यात तेवढं साम्य आहे. शेवटी पेन्सिल ठेवून म्हणाली, "दादा, आमच्या गनची ताकद ती केवढी. आणि मध्ये अख्खी पृथ्वी आहे. इथे काही पोचणं शक्य नाही."

"मग चौघांना एकदम भास झाला?"

"भास म्हणत नाहीये मी. मला माहीत नाही म्हणतेय."

मग तिने तिच्या पद्धतीप्रमाणे एक प्रश्न विचारला. "ठिपका थांबला होता तेव्हा तुम्ही काय करत होतात? कोणी काही हलवलं? टीव्हीला, वायरीला हात लावला?"

मी शैलाकडे बघितलं. शैला पंख्याकडे बघायला लागली. मनूने तोंड उघडलं, तेवढ्यात शैलाने तिच्यापुढे चकल्यांचा डबा सरकवला.

"मी आत गेले होते," आई म्हणाली. "दुधावर झाकण नव्हतं."

वसूने ते कागदावर लिहून घेतलं आणि त्याच्यापुढे फुली मारली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वसू तिकडेच शिकवते, तिथेच लग्न केलं. आई लग्नाला जाऊन, बर्फ बघून, "एवढं काही नाही" म्हणून परत आली. तो टीव्ही आम्ही पुढे मोडीत काढला. मी स्वतः त्याच्यातलं काहीही ठेवलेलं नाही. त्या दुपारी न जोडलेल्या काचेवर काय उजळलं, ते का थांबलं आणि का सुटलं, याचं कसलंही स्पष्टीकरण आजमितीला माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी जरूर कळवावं, पण आधी वर लिहिलेल्या गोष्टी नीट वाचून कळवावं.

हे लिहून पाठवायचं ठरवलं तेव्हा मी आईला विचारलं. तिचं वय झालंय, पण कान शाबूत आहेत.

"आई, देवाचं लिहू का? वसू वाचेल. अंक तिच्याकडे जाणारच."

आईने हातातली वात वळून पूर्ण केली.

"लिही," ती म्हणाली. "मला तोंडाने सांगायला जमलं नाही कधी. पण नुसतं ठेवला एवढंच लिहू नकोस. काढलाही मीच, तेही लिही."